विंगेतील अनामिक : हौशी रंगभूमीवरील रंगमंच व्यवस्थापक आणि मराठी नाट्यसमीक्षेची दृष्टी
(परभणी जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

प्रास्ताविक

नाटक ही समूहाची कला आहे, हे विधान मराठी नाट्यसमीक्षेत वारंवार केले जाते. प्रत्यक्ष समीक्षालेखन मात्र संहिता, दिग्दर्शन आणि अभिनय या तीन घटकांभोवतीच फिरत राहते. नेपथ्य, प्रकाशयोजना आणि पार्श्वसंगीत यांची दखल अखेरच्या परिच्छेदात घेतली जाते. ज्याच्या हातून हे सर्व घटक ठरलेल्या क्षणी एकत्र येतात, त्या रंगमंच व्यवस्थापकाचा उल्लेख सहसा होतच नाही. पडदा अडकला, प्रवेश उशिरा झाला किंवा अंधार हवा तेव्हा उजेड राहिला, तरच त्याची आठवण होते. त्याचे काम निर्दोष झाले की ते दिसेनासे होते आणि चुकले की तेवढेच दिसते. या स्थितीमुळे एका महत्त्वाच्या नाट्यघटकाची चिकित्सा होऊ शकलेली नाही. परभणी जिल्ह्यातील हौशी रंगभूमीच्या संदर्भात या व्यवसायकर्माचे स्वरूप तपासणे आणि त्याच्या आधारे एका अभिजात मराठी नाटकाकडे नव्याने पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संज्ञा आणि परंपरा

'रंगमंच व्यवस्थापक' ही संज्ञा आधुनिक असली तरी तिच्यामागील कार्य जुने आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात पूर्वरंगाच्या अंगांमध्ये 'प्रत्याहार' म्हणजे वाद्यांची मांडणी हे पहिले अंग मानले आहे. प्रयोगापूर्वीची मांडामांड ही प्रयोगाबाहेरची हमाली नसून प्रयोगाचेच अंग आहे, ही जाण तेथे आढळते. 'सूत्रधार' या शब्दाचा प्रवासही उद्बोधक आहे. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत 'सीता स्वयंवर' सादर केले, त्या परंपरेतील सूत्रधार रंगमंचावर प्रेक्षकांसमोर उभा राहून पदे म्हणत असे आणि कथा पुढे नेत असे. आजच्या व्यावसायिक मराठी नाटकांच्या जाहिरातींत 'सूत्रधार' हा शब्द निर्मितीची व्यवस्था पाहणाऱ्या व्यक्तीसाठी वापरला जातो. सूत्रे धरणारा माणूस रंगमंचावरून विंगेत गेला. त्याचे नाव टिकले, परंतु तो प्रेक्षकांच्या नजरेआड झाला.

१९३३ साली 'नाट्यमन्वंतर'ने 'आंधळ्यांची शाळा' सादर केल्यानंतर वास्तववादी नेपथ्याची अपेक्षा मराठी रंगभूमीवर रुजत गेली. रंगवलेल्या पडद्याच्या जागी खोली आली; खोलीबरोबर उघडणारे दार, खरी खुर्ची आणि भरलेला पेला आला. वस्तू खऱ्या झाल्या तशी त्यांची जबाबदारीही वाढली. पाश्चात्य व्यावसायिक रंगभूमीवर या जबाबदारीला निश्चित अधिकारपद मिळाले. तेथे प्रयोग सुरू झाल्यावर प्रकाश, ध्वनी आणि दृश्यबदल यांच्या सूचना रंगमंच व्यवस्थापक देतो आणि सर्व तंत्रज्ञ त्या पाळतात. अमेरिकेत १९१३ साली स्थापन झालेली अ‍ॅक्टर्स इक्विटी ही संघटना नटांबरोबर रंगमंच व्यवस्थापकांचेही प्रतिनिधित्व करते. थॉर्नटन वाइल्डर यांच्या 'अवर टाऊन' (१९३८) या नाटकात तर रंगमंच व्यवस्थापक हेच प्रमुख पात्र आहे. मराठी हौशी रंगभूमीवर काम आहे, पण पद नाही. जबाबदारी आहे, पण अधिकार नाही.

परभणी जिल्ह्यातील कार्यपरिस्थिती

परभणी जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानाचा भाग होता. व्यावसायिक मराठी रंगभूमीची केंद्रे मुंबई-पुण्याकडे राहिल्याने येथील नाट्यव्यवहार मुख्यतः हौशी संस्था, स्पर्धा आणि महाविद्यालये यांच्या आधाराने वाढला. सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या हौशी मराठी राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीचे परभणी हे एक केंद्र राहिले आहे. कथा-कादंबरीकार आणि कवी बी. रघुनाथ यांचे नाव असलेले परभणीचे सभागृह नाट्यरसिकांच्या परिचयाचे आहे. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या युवक महोत्सवामुळे महाविद्यालयीन एकांकिका आणि प्रहसने यांना दरवर्षी व्यासपीठ मिळते. या तिन्ही ठिकाणी रंगमंच व्यवस्थापन करणारी व्यक्ती बहुधा शिक्षक, कर्मचारी, दुकानदार अथवा विद्यार्थी असते आणि दिवसाचे काम संपवून विंगेत येते.

तिच्या कामातील पहिली अडचण जागेची आहे. तालीम शाळेच्या वर्गात किंवा मंगल कार्यालयात होते आणि प्रयोग मोठ्या रंगमंचावर होतो. सेलू, जिंतूर किंवा गंगाखेड येथून नेपथ्य घेऊन निघालेल्या संघाला दाराची चौकट, लेव्हल आणि फ्लॅट टेम्पोत बसतील अशा मापात करावे लागतात आणि नव्या रंगमंचाच्या रुंदीत पुन्हा जुळवावे लागतात. वर्गात पाच पावलांत होणारा प्रवेश येथे नऊ पावलांचा होतो. संवाद तोच असला तरी नट खुर्चीपर्यंत पोहोचलेला नसतो. अशा वेळी विंगेतील प्रवेशाचा इशारा चार शब्द आधी द्यावा लागतो, आणि हा निर्णय दिग्दर्शक प्रेक्षागृहात असताना व्यवस्थापकाला घ्यावा लागतो.

दुसरी अडचण वस्तूंची आहे. हौशी नाटकातील पलंग, समई, जुना रेडिओ वा शिवणयंत्र ही बहुधा कोणाच्या तरी घरून मागून आणलेली असतात. प्रयोगात तुटलेल्या वस्तूची भरपाई करता येते, मात्र मोडलेला शब्द भरून निघत नाही. पुढच्या वर्षी त्या घराचे दार नाटकासाठी उघडत नाही. त्यामुळे कोणती वस्तू कोणाची, कोणत्या प्रवेशात, कोणाच्या हाती आणि प्रयोगानंतर कोठे, अशी नोंदवही ठेवणे हे या कामाचे मूलभूत अंग ठरते.

तिसरी अडचण वेळेची आणि विजेची आहे. स्पर्धेत नेपथ्य उभारणी, प्रकाशाची जुळवाजुळव, प्रयोग आणि रंगमंच रिकामा करणे हे सर्व ठरलेल्या वेळेत करावे लागते. २००५ नंतरच्या काही वर्षांत मराठवाड्यातील भारनियमनामुळे तालमींचे वेळापत्रकही विजेच्या वेळापत्रकावर ठरत असे. भारनियमनाची ती तीव्रता पुढे ओसरली, तरी भाड्याचा डिमर आणि अनोळखी जोडणी यांमुळे विजेच्या सुरक्षिततेचा प्रश्न राहतोच. चौथी अडचण माणसांची आहे. परीक्षा, बदली, आजारपण किंवा घरचे कार्य यांमुळे नट ऐनवेळी येत नाही. रात्री उशिरा प्रयोग संपल्यावर विद्यार्थिनींना घरी सुखरूप पोहोचवणे हेही न लिहिलेल्या कर्तव्यांत मोडते. मुलींना नाटकात काम करू देण्याविषयी कुटुंबाचा विश्वास त्यावरच टिकतो. लेखकाची परवानगी आणि रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र यांसारखी कागदपत्रेही अनेकदा याच व्यक्तीच्या पिशवीत असतात.

'शांतता! कोर्ट चालू आहे' : एक वेगळे वाचन

वरील परिस्थिती डोळ्यांसमोर ठेवून विजय तेंडुलकर यांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' वाचल्यास त्यातील एक दुर्लक्षित पदर उलगडतो. १९६७ साली 'रंगायन'ने अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली हे नाटक सादर केले आणि सुलभा देशपांडे यांनी लीला बेणारेची भूमिका साकारली. स्त्रीचे शोषण, मध्यमवर्गीय दांभिकता आणि न्यायसंस्थेचे विडंबन या अंगांनी नाटकाची भरपूर चर्चा झाली आहे. मात्र नाटकाची चौकट ही एका हौशी नाट्यमंडळाच्या दौऱ्याची आहे, याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

मुंबईचे एक मंडळ अभिरूप न्यायालयाचा कार्यक्रम करण्यासाठी गावातील सभागृहात येते. ठरलेला एक साक्षीदार आजारी असल्याने आलेला नाही, म्हणून सभागृह उघडून देणाऱ्या सामंत या स्थानिक माणसाला त्याच्या जागी उभे केले जाते. त्याला कामकाज समजावे म्हणून तालीम करायची ठरते आणि त्या तालमीतून बेणारेवरील खटला उभा राहतो. नाटकाची संपूर्ण शोकात्मिका अशा रीतीने रंगमंच व्यवस्थापनातील एका नेहमीच्या अडचणीतून, म्हणजे गैरहजर नटाच्या बदलीतून, सुरू होते. या मंडळात रंगमंच व्यवस्थापक नाही. अधिकार काशीकरांकडे आहे, कष्ट बाळू रोकडेच्या वाट्याला आले आहेत आणि जागेची माहिती सामंतला आहे. एकाच पदात असायला हवे ते तीन व्यक्तींत विभागले गेले आहे. त्यामुळे खेळ हाताबाहेर जात असताना 'तालीम येथे थांबवा' असे म्हणण्याचा अधिकार असलेला, तरीही खेळात न गुंतलेला एकही माणूस तेथे उरत नाही.

दाराची कडी हा या वाचनाचा दुसरा आधार आहे. आरंभी या कडीत बेणारेचे बोट चिमटते. दार ओढताना कडी जराशी बाहेर राहिली तर ते बाहेरून बंद होते, हेही तेथेच सूचित होते. शेवटी बेणारे बाहेर पडू पाहते तेव्हा दार बाहेरून बंद असते. नाटकाचा आशय जिच्यावर तोललेला आहे ती ही कडी प्रयोगात प्रत्यक्ष सांभाळतो तो विंगेतील माणूस. ती सैल राहून दार उघडले, तर लेखकाने बांधलेला सापळा कोसळतो. ज्या सहाय्यकाने त्या रात्री कडी तपासली, त्याने नाटकाच्या अर्थाची राखण केली, असे म्हणणे येथे अतिशयोक्ती ठरत नाही.

अखेरीस दार उघडते ते कार्यक्रम सुरू झाला का, हे पाहायला आलेल्या प्रेक्षकांमुळे. क्षणात सर्वजण सावरतात आणि कार्यक्रमाच्या तयारीला लागतात. बेणारे तेथेच पडून राहते. तिच्यापाशी हिरवा कापडी पोपट ठेवण्याइतकी दखल घेतो तो सामंत, म्हणजे मंडळाबाहेरचा स्थानिक मदतनीस. 'प्रयोग झालाच पाहिजे' हे रंगभूमीचे ब्रीद येथे आपली काळी बाजू दाखवते. प्रयोग वेळेवर होणे आणि प्रयोग करणारी माणसे सुरक्षित असणे ही व्यवस्थापनाची दोन कर्तव्ये आहेत. दुसरे गळून पडले की पहिले निर्दय होते. तापाने फणफणलेल्या नटाला उभे करणारी अथवा उघड्या वायरींवर पाऊल टाकायला लावणारी हौशी रंगभूमी याच मोहाला बळी पडत असते.

मूल्यमापनाचा प्रश्न

राज्य नाट्य स्पर्धेत निर्मिती, दिग्दर्शन, नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा आणि अभिनय यांसाठी पारितोषिके देण्याची परंपरा आहे. रंगमंच व्यवस्थापन या नावाचे पारितोषिक त्या परंपरेत नाही. याचे समर्थन असे करता येईल की, व्यवस्थापन हे सर्जन नसून अंमलबजावणी आहे आणि चांगल्या निर्मितीच्या पारितोषिकात त्याचा समावेश होतोच. हा युक्तिवाद अंशतः मान्य करावा लागतो, कारण न दिसणाऱ्या कामाला गुण देणे परीक्षकांसाठी खरोखर कठीण आहे. परंतु प्रवेशाचा इशारा चार शब्द आधी देण्याचा निर्णय हा प्रयोगाच्या लयीविषयीचा निर्णय आहे आणि लय हे नाट्यमूल्य आहे. शिवाय निर्मितीच्या पारितोषिकाबरोबर संस्थेचे नाव पुकारले जाते, त्या माणसाचे नव्हे. नाव न पुकारल्याने हे काम शिकावे असे कोणाला वाटत नाही. पुढील वर्षी ते ज्याला भूमिका मिळाली नाही त्याच्याकडे जाते आणि अनुभव साठत नाही.

समारोप

या विवेचनातून पुढील निष्कर्ष समोर येतात.

१. रंगमंच व्यवस्थापन हे प्रयोगाचे अंग आहे. संहितेचा अर्थ प्रेक्षकांपर्यंत पोहोचणे अनेक ठिकाणी त्यावर अवलंबून असते.

२. परभणीसारख्या जिल्ह्यात या कामातील अडचणी केवळ तांत्रिक नाहीत. मागून आणलेल्या वस्तू आणि विद्यार्थिनींची सुरक्षितता यांमुळे गावाचा नाटकावरील विश्वास सांभाळण्याचे कामही त्यात येते.

३. या पदाला तालीम थांबवण्याचा अधिकार असल्याशिवाय त्याची जबाबदारी अर्थपूर्ण ठरत नाही.

महाविद्यालयांना या दिशेने खर्चाविना आरंभ करता येण्यासारखा आहे. युवक महोत्सवाच्या संघात एका विद्यार्थ्याची रंगमंच व्यवस्थापक म्हणून पहिल्या तालमीपासून नेमणूक करावी; हालचाली, इशारे आणि वस्तू यांच्या नोंदी असलेली त्याची प्रयोगप्रत ग्रंथालयात जतन करावी आणि कार्यक्रमपत्रिकेत त्याचे नाव छापावे. अशा दहा-वीस प्रती जमल्या तर जिल्ह्याच्या रंगभूमीचा इतिहास लिहिणाऱ्या अभ्यासकाच्या हाती वृत्तपत्रीय परीक्षणांपलीकडचे साधन येईल. आज तो इतिहास प्रयोग संपल्यावर खिळे वेचणाऱ्या माणसांच्या आठवणीत आहे, आणि ती माणसे एकेक करून निवृत्त होत आहेत.