समतुल्य एककांची संकल्पना : साखर उद्योगाच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रक्रिया परिव्ययांकनाच्या अध्यापनात समतुल्य एककांना मानाचे स्थान आहे. अखंड चालणाऱ्या उत्पादनात कालावधीच्या अखेरीस काही माल पूर्ण तर काही अर्धवट असतो. अर्धवट मालावरील खर्च पूर्ण मालाच्या परिमाणात मांडण्यासाठी ही संकल्पना योजली जाते. 100 एकके 40 टक्के पूर्ण असतील तर ती 40 समतुल्य एकके होत. गणित सोपे आहे; प्रश्न त्या 40 टक्क्यांचा आहे. पाठ्यपुस्तकात तो आकडा दिलेला असतो, कारखान्यात मात्र तो कोणीतरी ठरवावा लागतो.

माण नदीच्या खोऱ्यातील आटपाडीसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला प्रक्रिया उद्योग अपरिचित नाही. माणगंगा सहकारी साखर कारखाना याच तालुक्यातला. तरीही त्याच्या वहीत येतात त्या ‘प्रक्रिया अ’ आणि ‘प्रक्रिया ब’. साखरेचे उदाहरण घेतले असते तर संकल्पनेची मर्यादा पहिल्याच तासाला लक्षात आली असती.

साखर हंगाम 1 ऑक्टोबरपासून मोजला जातो, लेखावर्ष मात्र 31 मार्चला संपते. त्या दिवशी गाळप चालू असेल तर टाक्यांत रस व पाक आणि पॅनमध्ये मॅसिक्वीट असते. त्यात साखर किती, हे लेखापाल सांगू शकत नाही. प्रयोगशाळा टाक्यांतील मालाचे आकारमान, ब्रिक्स व शुद्धता मोजते आणि रस, साखर व मळी यांच्या शुद्धतांवर आधारलेल्या सूत्राने त्यातून निघू शकणारी साखर काढते. म्हणजे येथे सामग्रीचे समतुल्य एकक हा रसायनतज्ज्ञाचा अंदाज असतो. लेखापाल फक्त रूपांतर खर्चाची टक्केवारी ठरवतो.

दोहोंपैकी अधिक महत्त्वाचे कोणते? एक काल्पनिक उदाहरण पुरेसे आहे. 10,000 क्विंटल साखर तयार आहे, प्रक्रियेत 1,000 क्विंटल अपेक्षित आहे, उसाचा खर्च 3,80,60,000 रुपये व रूपांतर खर्च 63,60,000 रुपये आहे. रूपांतराची पूर्णता 60 ऐवजी 80 टक्के धरल्यास अखेरच्या अपूर्ण मालातील रूपांतर खर्च 3,60,000 वरून 4,71,111 रुपयांवर जातो. फरक सुमारे 1 लाख 11 हजारांचा. उलट, अपेक्षित साखर 1,000 ऐवजी 900 क्विंटल धरल्यास केवळ उसाच्या खर्चातच सुमारे 3 लाख 17 हजारांचा फरक पडतो. परीक्षेत विद्यार्थ्याची कसोटी लागते ती पहिल्या आकड्यावर. दुसरा त्याला आयता मिळतो.

अर्थात हंगामाअखेर टाक्या रिकाम्या होतात आणि चुकीचा अंदाज आपोआप उघडा पडतो. तोवर मात्र एका वर्षाचा नफा दुसऱ्या वर्षात गेलेला असतो. दुष्काळी वर्षात उसाअभावी गाळप मार्चपूर्वीच आटोपले, तर 31 मार्चला अपूर्ण माल शिल्लकच राहत नाही आणि हे संपूर्ण प्रकरण निरुपयोगी ठरते. तेव्हा खरा प्रश्न असतो अल्प गाळपावर पडणाऱ्या स्थिर खर्चाचा. लेखामानक 2 नुसार स्थिर उत्पादन उपरिव्यय सामान्य क्षमतेच्या आधारे आकारावयाचा असतो. न आकारलेला भाग मालाच्या मूल्यात न घालता त्या वर्षीचा खर्च मानावा लागतो. भारित सरासरीचे यांत्रिक गणित हा भेद पुसून टाकते. मग दुष्काळाचा बोजा साखरेच्या साठ्याच्या किमतीत दडून बसतो.

2018 पासून बी-हेवी मळीपासून इथेनॉल करण्यास उत्तेजन मिळाल्यानंतर तर एककाचाच अर्थ बदलला. जी साखर पुढच्या उकळणीत निघाली असती, ती मळीतच राहू दिली जाते. तेव्हा मॅसिक्वीटमधील ‘निघू शकणारी साखर’ कोणती धरावी? पूर्वीइतकी, की इथेनॉलकडे वळवलेली वगळून? मळीला क्षुल्लक उपउत्पादन मानून तिचे निव्वळ वसुली मूल्य साखरेच्या खर्चातून वजा करण्याची रीतही येथे अपुरी पडते. ती आता संयुक्त उत्पादनाच्या पंक्तीत बसते.

हा वाद वर्गापुरता नाही. 2025-26 च्या हंगामासाठी उसाचा रास्त व किफायतशीर दर 10.25 टक्के उताऱ्याला प्रति क्विंटल 355 रुपये असून, त्यापुढील प्रत्येक 0.1 टक्क्यास 3.46 रुपये वाढ आहे. न काढलेली साखर उताऱ्यात मिळवली नाही, तर 0.1 टक्क्याच्या फरकाने टनामागे 34 रुपये 60 पैसे उत्पादकाच्या हिशेबातून कमी होऊ शकतात. ती मिळवायची तर प्रयोगशाळेचा आकडा, मळीची शुद्धता आणि परिव्यय पत्रक एकत्र वाचावे लागते. प्रश्नपत्रिकेत ‘पूर्णता 60 टक्के’ असे छापण्याऐवजी ब्रिक्स, शुद्धता व टाकीचे आकारमान देऊन विद्यार्थ्याला ती संख्या काढावयास लावणे अवघड नाही. त्यासाठी रसायनशास्त्र विभागाची मदत तेवढी लागेल.