काळोखाचा हिशेब

सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ (अकादमी पुरस्कार २००४) आणि कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ (अकादमी पुरस्कार २०२३) लागोपाठ वाचल्या. मग गलबललो नेमका कुठे, हे पुन्हा पाने उलटून तपासले. विलापाच्या जागी नव्हेच. एम.ए., बी.एड. झालेल्या एकनाथकडे नोकरीसाठी मोजायला पैसे नाहीत, हा कोरडा व्यवहारच जिव्हारी लागतो. ‘रिंगाण’मध्ये धरणाने उठवलेला देवाप्पा मागे राहिलेली म्हैस आणायला जातो. दावणीचे जनावर रानटी झालेले असते. विस्थापनाची किंमत तिथे कळते. दोन्ही लेखक दुःखाला विशेषणे लावत नाहीत, त्याचा हिशेब मांडतात. अलीकडच्या कित्येक ‘अस्वस्थ’ कादंबऱ्यांत मात्र लेखकच आधी रडून घेतो. वाचकाच्या वाट्याला उरते ती फक्त सांत्वनाची भेट.