नुसते हलणे पुरेसे नाही

नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ साली स्थापन झाला. तेथे मिग-२१ आणि पुढे सुखोई-३० ही विमाने बांधली गेली. अशा भागातील विज्ञान प्रदर्शनात मुलांनी रेडिओवर चालणारी विमानाची प्रतिकृती मांडली तर नवल नाही. विद्यार्थी हातातील दांडी सरकवतो, शेपटीची पट्टी वर-खाली होते आणि पाहणारे खूश होतात. आक्षेप आहे तो या खुशीला. ती पट्टी कशी हलते, याची चौकशी सहसा कोणी करत नाही.

खरे विज्ञान तेथेच आहे. सर्व्हो नावाच्या छोट्या मोटारीला एक भुजा असते. पट्टीवर एक शिंग बसवलेले असते. दोहोंना जोडणारी तार म्हणजे पुशरॉड. थोडक्यात, तारेने जोडलेल्या या दोन तरफा. सर्व्होच्या भुजेवर तार १० मिलिमीटरवर आणि शिंगावर बिजागरीपासून २० मिलिमीटरवर अडकवली, तर सर्व्हो ३० अंश फिरल्यावर पट्टी सुमारे साडेचौदा अंशच वळते. हालचाल निम्मी होते, पण जोर जवळजवळ दुप्पट मिळतो.

प्रदर्शनासाठी मात्र उलटे करण्याचा मोह होतो. तार शिंगाच्या अगदी आतल्या भोकात अडकवली की पट्टी भरपूर हलते आणि लांबून उठून दिसते. पण जोडणीत अर्धा मिलिमीटर ढिलेपणा असेल, तर २० मिलिमीटरच्या शिंगावर पट्टी सुमारे दीड अंश मोकळी राहते आणि १० मिलिमीटरच्या शिंगावर जवळजवळ तीन अंश. अशी सैल पट्टी वेगात फडफडू लागते, बिजागरी तुटू शकते आणि विमान कोठे पडेल याचा नेम राहत नाही. खाली माणसे असतात, हे विसरून चालणार नाही.

तारेचेही तसेच. ओढताना ती ताठ राहते, ढकलताना मध्येच वाकते. मधोमध पक्का आधार दिला, तर ती वाकवायला सुमारे चौपट जोर लागतो. टेबलावर वारा नसल्याने हे दोष झाकले जातात.

याचे मूळ आपल्या अध्यापनात आहे. तरफ म्हणजे कात्री, अडकित्ता, चिमटा आणि तीन प्रकारांची नावे, एवढ्यावर आपण थांबतो. ‘कमी श्रमात जास्त काम’ हे वाक्य तर पाठच असते. पण तरफ काम वाढवत नाही. जोर वाढला की अंतर घटते, हा व्यवहार मुलांच्या हाती येत नाही.

पहिल्याच प्रयत्नात मुलांना इतके कशाला छळायचे, असे कोणी म्हणेल. पण यासाठी वेगळा खर्च नाही, फक्त भोक बदलायचे असते. आणि हा प्रश्न जुन्या विमानांपुरता नाही. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरहून उडालेल्या तेजस मार्क-१ए विमानात वैमानिकाची आज्ञा तारांतून संगणकामार्फत जाते. तरीही पंखाची पट्टी शेवटी यांत्रिक जोडणीनेच हलवावी लागते.

म्हणून परीक्षकांनी सर्व्हो चालू ठेवून पट्टी बोटाने हलके दाबून पाहावी. ती डुगडुगली, तर कारण विचारावे. नंतर विचारावे, ‘हेच भोक का निवडलेस?’ ज्याला उत्तर देता येईल, त्याची पट्टी थोडी कमी हलली तरी गुण त्यालाच जास्त द्यावेत.