नाईक यशवंत घाडगे आणि निनांवी शिपाई : स्मारकसाधनांची चिकित्सा

रणांत पडलेल्या शिपायाचें स्मरण आदरपूर्वक व्हावें याविषयीं मतभेद नाहीं. परंतु एखादा वंशज किंवा हौशी संशोधक अशा शिपायाचा शोध घेऊं लागला, म्हणजे त्याच्या हातीं येणारीं साधनें कितपत पुरीं पडतात, याची छाननी फारशी होत नाहीं. ती येथें थोडक्यांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम सर्वांत भरीव साधन घेऊं. पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे आतांच्या रायगड जिल्ह्यांतील माणगांव तालुक्याचे यशवंत घाडगे हे पांचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणींत नाईक होते. ता. १० जुलै १९४४ रोजीं इटलींत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत ते एकटे शत्रूच्या मशीनगनवर धांवून गेले. हातबाँबनें ती बंद पाडली, एकास गोळी घातली, आणि काडतुसें बदलण्यास अवसर नाहीं असें पाहून बंदूक नळीशीं धरून तिच्या दस्त्यानें उरलेल्या दोघांस ठार केलें. त्यानंतर शत्रूच्या गोळ्यांनीं ते स्वतः पडले. त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला; कॅसिनो येथील स्मारकावर त्यांचें नांव आहे; आणि २०२३ सालीं इटलींतील मोंतोने गांवीं त्यांच्या नांवें छायायंत्र उभारलें गेलें, त्यास तेथील लष्करी इतिहासाच्या अभ्यासकांचा हातभार होता. तथापि लंडन गॅझेटांतील मूळ गौरवलेख चिकित्सकपणें वाचावा. तुकडींतील नाईकाखेरीज सर्व जण ठार किंवा जखमी झाले असें त्यांत म्हटलें आहे. परंतु त्यांपैकीं एकाचेंहि नांव दिलेलें नाहीं. त्याच तारखेस त्याच पलटणींतील कोण कोण पडले, हें युद्धसमाधींच्या नोंदवह्यांवरून जुळवून पाहणें हें खऱ्या संशोधकाचें काम होय.

याहून मोठी उणीव बसऱ्याच्या स्मारकाची. पहिल्या महायुद्धांत १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी कुत-अल-अमारा येथें वेढ्यांत सांपडल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजीं तें ठाणें पडलें. मेसोपोटेमियांत मेलेल्या व समाधि न सांपडलेल्या ४०,५०० हून अधिक लोकांचें हें स्मारक १९२९ सालीं उघडलें. त्यावर हिंदी अंमलदारांचीं नांवें कोरलीं, परंतु शिपायांची मात्र पलटणवार संख्या दिली. उलट, फ्रान्समधील नव्ह-शापेल येथील १९२७ सालच्या स्मारकावर हिंदी शिपायांचीं नांवें आहेत. हा भेदभाव युद्धसमाधि आयोगानें २०२१ सालच्या अहवालांत कबूल केला. निदान १,१६,००० मृतांचें स्मरण नांवानें, किंवा मुळींच, झालें नसावें असा त्याचा अंदाज आहे.

आपल्या गांवोगांवच्या संगमरवरी शिलांचाहि तोच प्रकार. 'या गांवांतून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास इतके पुरुष गेले, पैकीं इतक्यांनीं प्राण दिले', एवढाच त्यांचा आशय. आतां त्याच युद्धाचें रुप्याचें पदक घ्या. त्याच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नांव व पलटण कोरलेली असते, गांव नसतें. म्हणजे शिलेवर गांव आहे, नांव नाहीं. पदकावर नांव आहे, गांव नाहीं. हे दोन तुटके दुवे जोडणारें तिसरें साधन एकच, आणि तें म्हणजे घरची माहिती. पदक देव्हाऱ्यांत असेपर्यंत तो दुवा शाबूत असतो. तें मोडींत किंवा बाजारांत गेलें, कीं तुटतो.

नोंदवह्यांत जेथें गांव दिलेलें असतें, तेथेंहि सावध राहावें. परभणी जिल्ह्यांतील ताडकळस हें उदाहरण घ्या. रोमन लिपींत 'ड' व 'द', 'ळ' व 'ल' यांचा भेद राहत नाहीं. शिवाय हें गांव १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होतें. मुंबई इलाख्याच्या याद्यांतच तें शोधणारा रित्या हातीं परतल्यास नवल नाहीं. स्थानिक माणसाच्या कानास जें नांव ओळखूं येतें, तें दूरच्या पंडितास येईलच असें नाहीं.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति अशी: पदक घेतांना तें कोणत्या घरांतून व गांवांतून आलें तें लिहून ठेवावें, कडेवरील अक्षरें घांसून झिजवूं नयेत, आणि एकाच माणसाचीं पदकें वेगळालीं विकूं नयेत. ज्याचें नांव दगडावर आलें नाहीं, त्याचें नांव निदान आपल्या कपाटांत हरवूं नये.