गॅलरी आणि पॅसेज : मुंबईच्या चाळवास्तूची एक समीक्षा

मुंबईच्या वास्तुकलेचा विचार बहुधा शैलींच्या नावांनी केला जातो. व्हिक्टोरियन गॉथिक, इंडो-सारासेनिक आणि आर्ट डेको या तीन खणांत शहरातील इमारती लावून ठेवल्या, की अभ्यास पुरा झाला असे मानण्याची रूढीच पडली आहे. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सच्या बोरीबंदर स्थानकाला २००४ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला. २०१८ मध्ये ओव्हल मैदानाच्या दोन अंगांना समोरासमोर उभ्या असलेल्या गॉथिक व आर्ट डेको इमारतींना तो लाभला. दोन्ही निवडी योग्यच होत. परंतु दर्शनी भागावरून वास्तूची परीक्षा करण्याची ही पद्धत घेऊन कोणी गिरगावात किंवा लालबाग-परळात शिरला, तर तिचा उपयोग तेथेच संपतो. चाळीला दर्शनी भाग असतो तो गॅलरीचा, आणि गॅलरी ही शैली नव्हे. ती राहण्याची एक रीत आहे.

गिरगावातील जुन्या चाळीची रचना वरवर पाहता अगदी साधी आहे. एका ओळीत खोल्या, त्यांच्यासमोर लाकडी खांब व कठडा असलेली सलग गॅलरी, टोकाला किंवा मध्यावर जिना, आणि खाली चौक. या साधेपणात बरेच शहाणपण आहे. गॅलरीच्या छपरामुळे उन्हाची तिरीप व पावसाची झड खोलीच्या भिंतीपर्यंत सहसा पोहोचत नाही; दार उघडे ठेवता येते, आणि मागे खिडकी असल्यास वारा आरपार जातो. येण्याजाण्याची वाट, वाळवणाची जागा, मुलांच्या अभ्यासाची बैठक आणि दिवाळीत आकाशकंदील टांगण्याचे ठिकाण, असे सारे त्या अरुंद पट्टीत सामावते. चौकात मांडव पडला की तीच गॅलरी नाट्यगृहातील सज्जासारखी होते. गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत १८९३ मध्ये सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, त्याचे श्रेय इतिहासकार लोकमान्यांच्या प्रेरणेला देतात, ते उचितच आहे. तथापि अशा उत्सवाला आयते प्रेक्षागार पुरवणारी वास्तू तेथे आधीपासून उभी होती, हेही ध्यानात घ्यावयास हवे.

मराठी साहित्याने ही गोष्ट वास्तुसमीक्षेच्या कितीतरी आधी ओळखली. पु. ल. देशपांडे यांची ‘बटाट्याची चाळ’ १९५८ मध्ये पुस्तकरूपाने आली. मात्र साहित्याच्या या प्रेमातूनच एक घोटाळाही उत्पन्न झाला. ‘चाळ’ हा शब्द उच्चारला की वाचकाच्या डोळ्यांपुढे गॅलरी उभी राहते, आणि मग मुंबईतील प्रत्येक चाळ गॅलरीचीच होती असे गृहीत धरले जाते. नीरा आडारकर यांनी संपादित केलेल्या चाळींवरील मोलाच्या इंग्रजी ग्रंथाच्या (२०११) उपशीर्षकातही गॅलरीच आहे. वस्तुतः मुंबईतील सर्वांत मोठा चाळसमूह या वर्णनात बसत नाही.

तो समूह म्हणजे बीडीडी चाळी. १९२० मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने कामगारांसाठी पन्नास हजार खोल्यांचा संकल्प सोडला आणि त्यासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या गाठींवर कर बसविला. प्रत्यक्षात २०७ चाळी उभ्या राहिल्या : वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला ३२ आणि शिवडीला १२. तळमजल्यावर तीन मजले, मजल्याला वीस खोल्या, आणि खोली सुमारे १६० चौरस फुटांची. या काँक्रीटच्या इमारतींत गॅलरी नाही. मधोमध एक पॅसेज आणि त्याच्या दोन्ही अंगांना खोल्या, अशी त्यांची मांडणी आहे. परिणामी दार लावले की आरपार वारा थांबतो. दार उघडले तर समोर शेजाऱ्याचेच दार येते. चौकाशी आणि रस्त्याशी घराचा असलेला संबंध येथे तुटला. रहिवाशांनी आपल्या सौजन्याने व संघटनेने त्या पॅसेजलाही माणसांत आणले. परंतु ते श्रेय त्यांचे, नकाशा काढणाऱ्याचे नव्हे.

याच दशकात व्हिएन्ना नगरीत कामगारांच्या घरांचा प्रश्न नेमका उलट दिशेने सोडविला जात होता. तेथील जुन्या भाड्याच्या इमारतींत लांब पॅसेज व त्यातील सामाईक नळ हेच कामगाराच्या दैन्याचे चिन्ह समजले जाई. नगरपालिकेने नव्या वसाहतींतून पॅसेज हद्दपार केला. जिने थेट चौकातून चढविले व प्रत्येक जिन्यावर मोजकीच घरे ठेवली. कार्ल एन या वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार १९२७ ते १९३० या काळात बांधलेल्या कार्ल मार्क्स होफमध्ये १,३८२ घरे होती. शिवाय धुलाईगृहे, स्नानगृहे, बालवाड्या व ग्रंथालय होते. ती वसाहत आजही वसलेली आहे. ही तुलना एका मर्यादेपलीकडे ताणणे अन्यायाचे होईल. व्हिएन्नात कामगारांच्या मतांवर निवडून आलेली नगरपालिका होती. मुंबईत गव्हर्नर लॉईड यांचे सरकार होते. तरीही व्हिएन्नाने जो दोष म्हणून टाकला तोच मुंबईने आदर्श म्हणून २०७ वेळा गिरविला, आणि तोही गिरगावातील गॅलरी डोळ्यांसमोर असताना, हे विसरता येत नाही.

गॅलरीचे मोल समीक्षकांना कळत नाही असेही नाही. चार्ल्स कोरिया यांच्या कंबाला हिलवरील कांचनजंगा (१९८३) या अठ्ठावीस मजली इमारतीची प्रशंसा जगभर झाली. जुन्या बंगल्याचा व्हरांडा उंचावर नेऊन त्यांनी ऊन-पाऊस आणि घर यांच्यामध्ये एक सावलीचा थर ठेवला, हे त्या प्रशंसेचे मुख्य कारण. हाच थर गिरगावात सुतारांनी व कंत्राटदारांनी घातला तेव्हा त्याला वास्तुकला म्हणण्याचे कोणास सुचले नाही. भेद एवढाच, की कांचनजंगातील व्हरांडा एका कुटुंबाचा आहे, चाळीतील गॅलरी सर्वांची. आणि हा भेद लहान नाही.

या भेदावरूनच आजच्या पुनर्विकासाचे मूल्यमापन व्हावयास हवे. वरळीच्या बीडीडी चाळींच्या जागी उभ्या राहिलेल्या उत्तुंग इमारतींतील ५०० चौरस फुटांच्या पहिल्या घरांच्या किल्ल्या ऑगस्ट २०२५ मध्ये रहिवाशांना मिळाल्या. सामाईक शौचालयासमोर रांगेत उभे राहिलेल्या तीन-चार पिढ्यांनंतर घरात स्वतःचे न्हाणीघर येणे याचे मोल, स्वतंत्र फ्लॅटमध्ये बसून चाळसंस्कृतीसाठी हळहळणाऱ्यांनी ठरवू नये. तेथे पॅसेज गेला आणि लिफ्टची लॉबी आली. वास्तूच्या दृष्टीने हा बदल फारसा मोठा नाही, कारण लॉबी ही त्या पॅसेजचीच आखूड आवृत्ती आहे. गिरगावातील हिशेब निराळा आहे. तेथील रहिवाशालाही न्हाणीघर हवे आहे, आणि तो हक्क निर्विवाद आहे. परंतु त्याला मोबदल्यात उजेड, वारा आणि शेजार यांची एक सिद्ध झालेली रचना द्यावी लागते. उंच इमारतीत मजल्यामजल्यावर उघडी सामाईक गॅलरी ठेवणे अशक्य नाही. कांचनजंगाने निदान उंचीचा आक्षेप निकालात काढला आहे. उरतो तो विक्रीयोग्य क्षेत्रफळाचा आक्षेप. तो हिशेबवहीतला आहे, आणि गिरगावातील बहुतेक नकाशांत निर्णायक ठरतो आहे तोही तोच.