कुत्र्याच्या तोंडचा न्याय

'वन ट्री हिल' ही अमेरिकन मालिका २००३ ते २०१२ अशी ९ पर्वे चालली. मी तिचा चाहता. म्हणूनच तिचा एक भाग मला अजून सलतो.

तिसऱ्या पर्वात, २००६ साली, शाळेतल्या गोळीबाराची संधी साधून डॅन आपल्या थोरल्या भावाला, कीथला, ठार मारतो. मी शाळामास्तर, शाळेच्या ओसाड वाटेवरचा तो प्रसंग पाहून माझ्या अंगावर काटा आला. पुढे सहाव्या पर्वात डॅनला दुसऱ्याचे हृदय बसवायचे ठरते. ते रुग्णालयात जमिनीवर पडते आणि कुत्रा ते खाऊन टाकतो! लेखकांना हा दैवी न्याय वाटला असेल. मला ती पळवाट वाटली. भ्रातृहत्येचा हिशेब कुत्र्यावर सोपवला की प्रेक्षक हसतो. कीथचे मरण काही हसण्यावारी नेण्याजोगे नव्हते.