आधी वास, मग बातमी : लूसी यंगच्या कथनाचे रसग्रहण

डिसेंबर १९४१ मध्ये ‘कॅलिफोर्निया हिस्टॉरिकल सोसायटी क्वार्टरली’ या नियतकालिकात नव्वदीच्या घरातल्या एका बाईचे कथन छापून आले. शीर्षक होते ‘आउट ऑफ द पास्ट’. सांगणारी लूसी यंग, लॅसिक-वायलाकी समाजातली. लिहून घेणारी एडिथ मर्फी, रानवनस्पतींची जाणकार. इतिहासकार या मजकुराकडे पुरावा म्हणून वळतात आणि त्यात गैर काही नाही. पण पुरावा म्हणून वाचले की हे कथन संपते, असे होत नाही. कोणाला काय कळले, कधी कळले आणि कशावरून कळले, याचा इतका काटेकोर हिशेब ठेवणारा निवेदक कसलेल्या लेखकांमध्येही विरळा. त्या काटेकोरपणातूनच या कथनाचे सौंदर्य आले आहे, म्हणून ते सावकाश वाचायला हवे.

आधी भूमी पाहू. कॅलिफोर्नियाच्या वायव्येला ईल नदी आहे. तिच्या मुख्य पात्राच्या आणि उत्तर फाट्याच्या काठी, केकावाका ओढ्यापासून योला बोली डोंगरांपर्यंत वायलाकी राहत. त्यांची भाषा अथाबास्कन कुळातली. शेजारचे लॅसिक, सिंकियोन आणि नोंगातल हे लोक तिचीच जवळची रूपे बोलत. प्लायनी अर्ल गॉडर्ड या अभ्यासकाने जाणत्या वायलाकींकडून एकेक वस्ती समजून घेतली आणि १९२३ मध्ये ‘द हॅबिटॅट ऑफ द वायलाकी’ हा निबंध छापला. पुढच्याच वर्षी ‘पिच’ नावाच्या वायलाकी शाखेवर त्याने वेगळा निबंध लिहिला. सगळ्यांवर सत्ता चालवणारा एक राजा किंवा एक राजधानी इथे नव्हती. बासकाइया, स्लाकाइया अशा नावांचे छोटे छोटे गट होते. प्रत्येकाकडे नदीचा आपला पट्टा आणि मागचा डोंगरउतार असे. मोठी सीमारेषा न आखता ओढ्या-ओढ्यांनी वाटून घेतलेली ही भूमी गॉडर्डच्या निबंधात इतकी बारकाईने उतरली आहे की, तो वाचताना पायांखाली वाट असल्यासारखे वाटते.

या पट्ट्यांना अर्थ होता तो ऋतूंमुळे. पावसाळी महिन्यांत वायलाकी नदीकाठी राहत आणि मासेमारी करत, तीही विशेषतः रात्री. उन्हाळा आणि शरद ऋतू डोंगरांवर जाई. बायका कंद आणि बिया गोळा करत. पुरुष हरणाचा माग सोडत नसत, ते दमून थांबेपर्यंत पाठलाग करत. त्यांच्याकडे नावा नव्हत्या. नदी ओलांडताना प्रवाहाने ओढून नेऊ नये म्हणून ते अंगावर दगडांचे वजन घेऊन पाण्यात उतरत. लूसी यातले काहीही समजावून सांगत नाही. ती आतून बोलते आहे, आणि आतल्या माणसाला आपले जगणे परक्यासारखे समजावून सांगावे लागत नाही. वाचकाला ही पार्श्वभूमी ठाऊक असली, तर तिच्या साध्या वाक्यांमागे एक अख्खी नदी वाहताना ऐकू येते.

कथनाची सुरुवात आजोबांच्या स्वप्नाने होते. आजोबा इतके म्हातारे की, गुडघे हनुवटीला टेकलेले. कर्ता मुलगा त्यांना मोठ्या टोपलीत बसवून पाठीवरून सगळीकडे नेतो. गोरे लोक अजून आलेले नाहीत. आजोबांना स्वप्नात पांढरा ससा दिसतो. तो आपले गवत, आपले बी-बियाणे, आपले जगणेच फस्त करणार, असे ते सांगतात. मग आणखी दोन प्राणी येतात. एक सरळ शिंगांचा मोठा एल्क. दुसरा हरणाहून मोठा, गोल पायांचा, मानेवर केस असलेला. कधी न पाहिलेल्या जनावराचे वर्णन पाहिलेल्या जनावरांच्या मापाने करण्याची ही रीत विलक्षण आहे. पण खरी नजाकत पुढे आहे. पहिला प्राणी म्हणजे गुरे असावीत आणि दुसरा म्हणजे घोडा असावा, हा अंदाज लूसी आपला म्हणून वेगळा सांगते. आजोबांच्या शब्दांत ती आपले नंतरचे ज्ञान मिसळू देत नाही. भविष्यवाणी सांगताना तिला नंतर कळलेल्या गोष्टींचा मुलामा चढतोच, असे आपण गृहीत धरतो. इथे नव्वद वर्षांची बाई तो मुलामा बोटाने बाजूला करून दाखवते.

या प्रसंगात एक आत्याही आहे. बाबा, तुमचे डोके ठिकाणावर नाही, असले बोलू नका, असे ती म्हणते. आजोबा शांतपणे उत्तर देतात की, मी वेडा झालेलो नाही, तुम्ही तरुण माणसे हे डोळ्यांनी पाहाल. ही आत्या नसती, तर आजोबा एखाद्या पुराणातले ऋषी झाले असते. तिच्या एका दटावणीने ते पुन्हा घरातले म्हातारे माणूस होतात. भविष्य अटळ असते आणि ते ऐकणारे आपल्या साध्या शहाणपणाने ते नाकारतात, ही शोकांतिकेची जुनी जागा आहे. लूसी ती एका घरगुती संवादात अचूक पकडते.

आता या कथनाच्या गाभ्याकडे येऊ. काळ १८६० च्या दशकाच्या सुरुवातीचा. १८६१ मध्ये ईल नदीवर फोर्ट सेवर्ड उभा राहिला, पुढच्या वर्षी व्हॅन ड्यूझन नदीवर फोर्ट बेकर. पळून गेलेली लूसी परत येत असते. घर गाठण्याआधी पडलेल्या झाडोऱ्यात तिला मोठा जाळ दिसतो आणि त्याच वेळी एक चमत्कारिक वास येतो. कोणीतरी पुष्कळ लाकडे गोळा केली असावीत, असे तिला वाटते. घरी येते, तर सगळे रडत असतात. आपली सगळी पुरुषमाणसे मारली गेली, हे तिला आईकडून कळते. राउंड व्हॅलीतून आणि हंबोल्ट काउंटीतून गोरे आले होते. चाळीसेक पुरुषांना गळ्यात दोर अडकवून ओळीने उभे केले, गोळ्या घातल्या आणि जाळले. त्यानंतरच लूसी त्या वासाकडे परत येते. हा क्रम पाहण्यासारखा आहे. घडले ते आधी आणि कळले ते नंतर. पण लूसी कळण्याचा क्रम धरते, म्हणून तिच्या नाकाने घेतलेला वास आपल्याला आधी येतो आणि त्याचा अर्थ मागाहून उमगतो. शिवाय जाळ आणि वास तिचा स्वतःचा, गोळीबाराची हकिगत आईची, ही सीमा ती पुसत नाही. भावना सांगते ती शरीराच्या भाषेत आणि मोजकी. मानेवरचे केस उभे राहिले, पोटात ढवळून आले. तेवढेच. पुढे एकही विशेषण नाही, आणि म्हणूनच तो वास पान उलटल्यावरही जात नाही.

याच प्रसंगात एक तपशील असा येतो की, घाईने वाचणाऱ्याच्या नजरेतून तो सहज निसटतो. ज्या लाकडांवर ती माणसे जाळली, ती लाकडे त्यांनीच कित्येक दिवस खपून तोडली होती. आपण आपलीच चिता रचतो आहोत हे त्यांना ठाऊक नव्हते, एवढे लूसी नोंदवते आणि पुढे जाते. मारेकऱ्यांच्या क्रौर्यावर एक वाक्य खर्च न करता हा एक तपशील ते पूर्णपणे उघडे करतो.

मारल्या गेलेल्यांमध्ये तिच्या नात्यातला वडीलधारा, प्रमुख लॅसिक होता. त्याच्यावरूनच त्या लोकांना लॅसिक हे नाव पडले. कथनात त्याच्या वाट्याला मोजकेच बोल आहेत. हा दोर कशासाठी, असे तो विचारतो. फाशी देण्यासाठी, असे उत्तर शिवीसकट येते. फाशी हे कुत्र्याचे मरण आहे, आम्ही फाशी जाण्यासारखे काही केलेले नाही, मरायचेच असेल तर गोळ्या घाला, असे तो सांगतो. दयेची याचना नाही, शाप नाही. मरणाची रीत तेवढी तो बदलून मागतो, आणि लूसी त्याची थोरवी सांगण्याची जबाबदारी त्याच्याच बोलण्यावर सोपवते.

नासधूस सांगताना ती केवळ यादी देते. टोपल्या मोडून जाळल्या, धान्य कुटायचे दगड फोडले, दोर नष्ट केले. सापळे, हरणाची कातडी, गारेच्या सुऱ्या, काही म्हणून उरले नाही. टोपली गेली म्हणजे बिया वेचणे आणि साठवणे गेले, दगड फुटला म्हणजे कुटणे गेले, सापळा गेला म्हणजे शिकार गेली. पुढची उपासमार तिने या वस्तूंच्या नावांत आधीच सांगून ठेवली आहे.

धाकट्या बहिणीचा उल्लेख तर दोन-चार वाक्यांचाच. गोऱ्या माणसाने तिला नेले, ती पुन्हा दिसली नाही, आणि दिसली तरी ओळखू येईलच असे नाही. कॅलिफोर्नियात १८५० च्या कायद्याने मूळ रहिवाशांची मुले गोऱ्यांच्या ताब्यात देण्याची सोय करून ठेवली होती. लूसीला कायद्याचे नाव घ्यावे लागत नाही. बहीण हरवली हे दुःख आहेच, पण समोर आली तरी कळणार नाही, हे त्याहून खोल. जाणणे आणि न जाणणे हा या कथनाचा धागा इथे सर्वांत नाजूक आणि सर्वांत बळकट होतो.

श्रेय मर्फीलाही द्यायला हवे. लूसीची इंग्रजी तिने शाळेच्या व्याकरणात बसवली नाही. आखूड वाक्ये, गाळलेली क्रियापदे, भूतकाळाच्या मधेच उगवणारा वर्तमानकाळ हे सगळे जसेच्या तसे राहू दिले. त्यामुळे छापील पानावरही श्वास ऐकू येतो. लिहून घेणाऱ्याने स्वतःला मागे ठेवणे हीसुद्धा कला आहे, आणि मर्फीला ती साधली होती.

शेवटी लूसी सांगण्याचे कारण देते. सुरुवातीच्या काळात इंडियन लोकांनी गोऱ्यांचे काय केले, हे तिने पुष्कळ ऐकले आहे. गोऱ्यांनी इंडियन लोकांचे काय केले, हे कोणी सांगत नाही, म्हणून ती सांगते. हा इतिहास आहे, हे खरे आहे आणि आपण स्वतः पाहिले आहे, असे ती बजावते. असा दावा कोणीही करू शकतो. तो पेलण्याचा अधिकार तिने आधीच्या पानांत मिळवला आहे. आजोबांचे शब्द, आईची हकिगत आणि स्वतःचा अंदाज जिने कुठेही एकमेकांत मिसळू दिले नाहीत, तिने पाहिले म्हटल्यावर शंकेला जागा उरत नाही.

वायलाकी आज राउंड व्हॅली इंडियन ट्राइब्जमध्ये युकी, कोंकाउ, लिटल लेक पोमो, नोमलाकी आणि पिट रिव्हर लोकांबरोबर आहेत. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी राज्याने केलेल्या अत्याचारांबद्दल मूळ रहिवाशांची अधिकृत माफी मागितली. लूसी यंग १९४४ मध्ये वारली. तिचे कथन मोजक्या पानांचे आहे. गॉडर्डचा निबंध शेजारी ठेवून ते वाचा, आणि एकदा मोठ्याने वाचा.